मोठ्यांचा पूल

चारकोपला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वहिनींना नियम दिसतच नाहीत. लिफ्टची रांग असो की मंदिराची, त्या हसत पुढे घुसतात. वर म्हणतात, "काय होतंय गं एवढ्याने?"

सुट्टीत दोन्ही घरं मिळून क्रूझवर गेलो. तिथे फक्त मोठ्यांसाठी असलेल्या स्विमिंग पूलमध्ये त्यांनी आपली पोरं सोडली आणि माझ्या लेकीलाही आत ओढलं.

"वहिनी, बोर्ड वाचा ना!"

"काय होतंय गं!"

लेक किंचाळून हसत होती. माझ्यासोबत ती अशी कधी हसत नाही.

शेवटी गार्डने शिट्टी मारून पोरांना बाहेर काढलं. मला बरंच वाटलं. मी टॉवेल पसरून उभी राहिले. लेक रडत आली, माझ्यासमोरून धावत गेली आणि वहिनींच्या ओल्या कमरेला बिलगली.