ताईच्या दिराचे दौरे

आमच्या ताईच्या धाकट्या दिराइतका कुणाचंही न ऐकणारा माणूस पारनेर तालुक्यात दुसरा नसेल, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. सुप्याच्या एमआयडीसीत तो पत्रा दाबायच्या प्रेसवर आणि मी त्याच शेडमध्ये पॅकिंगला. पण संसार, पगार, पाऊस यांतल्या कशावर तो माझ्याशी चार वाक्यं बोलल्याचं आठवत नाही. बोलायचा तो एका परदेशी रॉक बँडवर, त्यातही त्या बँडच्या दौऱ्यांवर. कुठल्या दौऱ्यात स्टेज गोल होतं, कुठल्या दौऱ्यात ते पुलासारखं थेट लोकांत घुसलं होतं, ड्रमवाला कितव्या गाण्याला वर उचलला गेला, हे सगळं त्याला मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून पाठ. कँटीनमध्ये ताट उपडं घालून, ड्रमवाल्याच्या जागी मिठाची वाटी ठेवून तो दोन दौऱ्यांची तुलना मांडायचा, तोवर आमची डाळ गार. भाचीच्या बारशाला तर त्यानं मांडववाल्याला सगळे दिवे पाळण्याच्या मागं लावायला लावले. पाळणा दिसला झकास, पण फोटोत बाळ काळंठिक्कर आलं, आणि ताईच्या सासूबाईंनी महिनाभर त्याच्याशी अबोला धरला. तो अबोला त्याला कळला की नाही, देव जाणे.

त्या बँडच्या चाहत्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप होता. पुण्या-नाशिकची पोरं आणि आम्ही दोघं. मी तिथं हट्टानं लिहायचो की पहिला दौरा तो पहिलाच, गायकाचा गळा तेव्हा लागला तसा पुन्हा लागला नाही. हा उत्तर द्यायचा की पहिल्या दौऱ्यात मागं साधा काळा पडदा होता. एकदा शेडबाहेर मी चिडून म्हणालो, "पाव्हणं, तुम्ही गाणी ऐकता का नुसते खांब मोजता?" तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला आणि शांतपणे म्हणाला, "खांब मोजतो." मग दोन महिने मी त्याच्या शेजारी जेवायला बसलो नाही.

यंदा तो बँड मुंबईला आला. यानं दोन तिकिटं काढली, एक न बोलता माझ्या डब्यावर ठेवलं आणि भांडण तिथंच मिटलं. मैदानात आम्ही बऱ्यापैकी पुढं उभे होतो. तिसऱ्या गाण्यात अचानक आवाज बंद पडला. दिवे फिरत होते, गायक नुसतं तोंड हलवत होता, लोक शिट्ट्या मारून बोंबलत होते. हा मात्र दिव्यांच्या उघडझापीवर टाळ्या वाजवत होता, आणि चेहरा असा फुललेला की मी त्याच्या पाठीमागं सरकलो. मी मागून दोन हाका मारल्या. तो वळला नाही.

सकाळी परतीच्या एसटीत मी त्याच्याकडे तोंड करून सावकाश विचारलं. त्यानं लपवाछपवी केली नाही.

"प्रेसनं खाल्ले कान," तो म्हणाला. "मोठ्यानं बोललेलं थोडं कळतं, बाकी तोंडावरनं. गानं म्हंजे नुसती खरखर. पाच वर्सं झाली."

कंपनीला कळलं तर मशीनवरून उतरवतील, म्हणून त्यानं घरातही सांगितलं नव्हतं. ताईच्या सासरी सगळे त्याला घुम्या म्हणायचे, मी आडमुठा म्हणायचो. मला त्याच्याकडे बघवेना. मग त्यानंच माझा दंड धरला.

"पाव्हणं, काल गळा कसा हुता त्याचा? पहिल्या दौऱ्यावानी?"

गायक आता म्हातारा झालाय. वरचा सूर आला की तो माइक लोकांकडे करत होता, उरलेलं गाणं बोलल्यासारखं म्हणत होता. मी तोंड नीट उघडून म्हणालो, "तसाच."

घाट संपेपर्यंत तो स्वतःशीच मान डोलवत बसला.

त्या आठवड्यात ग्रुपवर एकेकानं लिहिलं की गळा संपला, आता त्यांनी थांबावं. हा एकटा सगळ्यांशी भांडला. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजबद्दल एक अक्षर न काढता त्यानं लिहिलं, "गळा तसाच हाय. इस्वास नसंल तर पाव्हण्यांना इचारा." पोरांनी मला विचारलं. मी दुपारच्या सुट्टीभर मोबाईल हातात घेऊन बसलो आणि शेवटी लिहिलं, "हो, तसाच होता."

तेव्हापासून ग्रुपवर गाण्यातलं मला कुणी काही विचारत नाही.