बांधावर गेलेली माणसं

चाळिशी गाठायच्या आतच प्रितेश मढवी इतका सुटला होता, की बुटाची नाडी बांधायला त्याला बायकोला हाक मारावी लागे. भाविका नाडी बांधायची आणि उठता उठता टोमणाही मारायची, "पुढच्या वर्षी घास पण मीच भरवते." पनवेलच्या खाडीकडच्या त्यांच्या गावात सुटलेलं पोट म्हणजे घरात सगळं ठीक चाललंय याची खूण. शेतं प्लॉटखाली गेली, मिठागरं बुजली, प्रितेशने रेती-सिमेंटचं दुकान टाकलं. दिवसभर खुर्चीत बसून फोनवर ट्रक हलवायचे आणि संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या हळदीत मटणावर आडवा हात मारायचा, असं बरं चाललं होतं. डॉक्टरने साखर काठावर आल्याचं सांगितलं, तेव्हा या पठ्ठ्याने डॉक्टर बदलला.

त्याला खुर्चीतून उठवलं काळूराम घरतने. काळूराम त्याचा शाळेपासूनचा दोस्त, मंडप डेकोरेटर. गावोगावच्या हळदींचे मंडप त्याच्या हातचे. गडी खांद्यावर बांबूची मोळी घेऊन शिडी चढायचा आणि वर पोचल्यावर खालच्यांशी गप्पा मारायचा. एके दिवशी पहाटे तो प्रितेशच्या गेटवर बांबू आपटत उभा राहिला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "शेट, उठा! म्हशी उठल्या, तुमी कवा उठताव?" प्रितेश केवळ लाजेखातर बाहेर पडला. दुसऱ्या दिवशीही लाजेखातरच. मग सवय लागली.

दोघे खाडीच्या बांधावरून चालायचे. काळूरामने कधी उपदेश केला नाही, ते एक बरं. तो आपला पुढे चालायचा आणि मागची पावलं थांबली की नुसता वळून बघायचा. ती नजर बघून प्रितेश धापा टाकत पुन्हा पाय उचलायचा. वर्षभराने तो धावायला लागला. पुढच्या थंडीत दोघे कर्नाळ्याचा किल्ला चढून आले आणि प्रितेशने माथ्यावरून भाविकाला फोन लावून नुसता आपला श्वास ऐकवला. गावाला मात्र ते रुचलं नाही. "काय रं, बरा हाईस ना? लय उतरलास," असं म्हातारे काळजीने विचारायचे. दोघे मित्र हसत सुटायचे.

त्याच बांधावर काळूरामच्या घराची इज्जत उभी होती. पूर्वी उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, की सारा गाव घमेली घेऊन धावायचा. खारं पाणी शेतात शिरलं तर भात गेलंच. अशाच एका उधाणात काळूरामचा आजा बांधावर गेला. पुढे तसाच त्याचा बाप, दिनानाथ. दोघेही ऐन उमेदीत. गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर दगडात त्यांची नावं कोरलेली आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर बांधाची पूजा होते, तेव्हा पहिलं घमेलं घरतांच्या पुरुषाचं. खाडीतला ओला चिखल भरायचा, डोक्यावर घ्यायचा आणि धावत बांध चढून वर ओतायचा. मग नारळ फुटतो. आता मागे भात उरलेलं नाही, तिथे इमारती आहेत. पण मान आहे तो आहेच.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी धावताना प्रितेशच्या लक्षात आलं, की पुढे कुणीच नाही. वळून बघतो तर काळूराम मागे बसलेला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, एक हात बनियनवर मूठ करून धरलेला.

"काय झालं रं?"

"पित्त. कालचं कोलीमचं कालवण बाधलं वाटतं." थोड्या वेळाने उठून तो पुन्हा धावायलाही लागला. प्रितेश मात्र त्या दिवसापासून मागे राहून धावू लागला. नजर सतत त्या पाठीवर. काळूराम जरा हळू झाला, की हाही पाऊल आखडायचा.

पुढच्याच आठवड्यात साखर तपासायला तो पनवेलला डॉक्टर नीता मॅडमकडे गेला. साखर उतरली होती, मॅडम खूश झाल्या. प्रितेशने सगळं श्रेय मित्राला दिलं आणि ओघात त्या सकाळचीही गोष्ट सांगून टाकली. मॅडमचं हसू थांबलं.

"त्यांचे वडील आहेत?"

"नाही. बांधावर गेले."

"म्हणजे बुडाले?"

"छे! खांड बुजवायला गेले होते."

"मग अंगावर काही कोसळलं?"

लहानपणापासून प्रितेश "बांधावर गेले" एवढंच ऐकत आला होता. कशाने, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. "बसले," तो शेवटी म्हणाला. "म्हातारे सांगतात, खाली बसले आणि गेले."

"आणि आजोबा?"

तेही बांधावरच बसले होते. हे प्रितेशने सांगितलं. हृदयाचे काही आजार रक्तातून उतरतात, मॅडम म्हणाल्या. माणूस वरून धडधाकट दिसतो, आणि एखाद्या दिवशी जोराचं काम करता करता कोसळतो. त्यांना घेऊन या, आणि तोवर धावणं बंद. परतताना प्रितेशला एवढंच दिसत होतं, की पूजा तोंडावर आली आहे आणि काळूराम चिखलाचं घमेलं घेऊन बांध चढणार आहे.

सांगायला गेला तर त्याने सगळा घोळ घातला. काळूराम अंगणात कनाती वाळत घालत होता, त्याची आई सखूबाई उंबऱ्यात भाकरीचं पीठ चाळत होती. प्रितेश आडवळणाने बोलायला गेला आणि भलतंच बोलून बसला, "दिनानाथकाका बांधासाठी गेले नसतील, काळू. त्यांच्या छातीतच काहीतरी असणार. तुलाही तेच असेल, मॅडमनी धावणं बंद सांगितलंय."

सखूबाईची चाळणी थांबली. "रोगानं मरतात ती घरात मरतात," ती म्हणाली. "माजा माणूस गावासाठी गेला. दगडावर नाव हाय त्याचं. तुज्या घरचं हाय का कुनाचं?"

काळूराम ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "मी तुना धावायला शिकवलं, आन तू मना बसायला सांगतंस?" दुसऱ्या दिवशी गेटवर बांबू वाजला नाही. त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. प्रितेश एकटाच बांधावर जायचा आणि लांबून काळूराम धावताना दिसला, की हा जागच्या जागी थांबायचा. भाविकाने समजूत घातली, की मोठ्या माणसाला धरून बांधता येत नाही. ते त्यालाही कळत होतं. पण जीव थाऱ्यावर नव्हता. ज्याने आपला जीव वाचवला, तो आपल्या डोळ्यांदेखत जाणार आणि आपण नारळाच्या प्रसादाला हात पुढे करून उभे असणार, या विचाराने त्याला घास गिळवेना.

पूजेच्या दिवशी अख्खा गाव बांधावर जमला. ताशा वाजत होता, मोबाईल वर झाले होते. काळूराम गुडघाभर चिखलात उतरला आणि घमेलं शिगोशीग भरू लागला. प्रितेशला राहवेना. तो सरळ चिखलात घुसला आणि घमेल्याच्या दुसऱ्या काठाला त्याने हात घातला.

"सोड. मी नेतो."

"सोड, प्रितेश. लोकं बघतात."

"बघू देत."

वरून आरडाओरडा सुरू झाला. मढवी कधीपासून घमेलं उचलायला लागले? पिलाय का हा? दोघे ओढाओढ करत असताना गर्दीतून सखूबाई पुढे आली. नऊवारीचा काष्टा खोचलेला, पाय चिखलाने बरबटलेले. तिने ताशावाल्याला हाताने थांबवलं.

"काळू, ठेव ते," ती म्हणाली. "तुज्या बानं त्या दिवशी घमेलं उचललंच नवतं."

"घरातून निघतानाच छातीवर हात व्हता त्याचा. मी बोलले, नको जाव. पन समदा गाव धावला, हा घरी कसा बसनार? वाटेतच बसला. लोकांनी उचलून बांधावर आनला आन बोलली, बांधासाठी गेला. मी गप रायले. दगडावर नाव लागलं, मना बरं वाटलं." मग ती काळूरामकडे वळली. "परवा तू बांबूंवर बसलवतास ना छाती धरून, तसाच बसायचा तो. मना नको तो मान. माजा पोर ऱ्हाऊ दे."

काळूराम कुणाकडेही न बघता चिखलातून बाहेर आला आणि घराच्या वाटेला लागला. यंदाचं पहिलं घमेलं कुणी उचललं, हे प्रितेशला आजतागायत माहीत नाही. तो मित्राच्या मागे मागे गेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळूराम स्वतःच आला, इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखा. "चल," म्हणाला, "कुटं हाय ती तुज्या मॅडमची मशीन?"

हृदयाचा इको झाला, आणखी बऱ्याच तपासण्या झाल्या. हृदयाची भिंत जाड झाली होती. औषधं आहेत, मॅडम म्हणाल्या, लागलं तर छातीत छोटं यंत्र बसवता येतं, वेळेत आलात. पण धावणं संपलं. वजन उचलणंही संपलं. काळूराम मान हलवत ऐकत होता. मग त्याने हळूच विचारलं, "म्हंजे बा वाचला असता?"

सोबत आलेली सखूबाई दाराशी उभी होती. मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि त्या म्हणाल्या, तेव्हाचं आज कोण सांगणार? ते खरंही असेल. पण सखूबाई भिंतीला टेकत खाली बसली, आणि प्रितेशला कळलं, की बांधावर गेलेल्या माणसाचं दुःख ती इतकी वर्षं डोक्यावर मिरवत आली होती. वाचू शकला असता त्या माणसाचं दुःख तिला आत्ता सुरू झालंय.

तिला उठवायला काळूराम वाकला, तेवढ्यात मॅडमनी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

एकच. रोशनी. ती कामोठ्याच्या मैदानात होती, कबड्डीच्या जिल्हा निवडीला. काळूरामने प्रितेशचं मनगट धरलं. "तू जा," तो म्हणाला, "तिना घेवन ये. आत्ता."

प्रितेशने गाडी कशी हाणली त्याची त्यालाच ठाऊक. मैदानात पोचला तेव्हा रोशनी समोरच्या संघाच्या अंगणात चढाईला शिरली होती. वेणी उडत होती, पाय नाचत होते, तोंडाने कबड्डी कबड्डी एका दमात चालू होतं. बापासारखाच न संपणारा दम. पोरी तिच्याभोवती साखळी आवळत होत्या आणि रेषेबाहेरची सगळी माणसं टाळ्या पिटत होती.

"रोशनी! थांब!"

ती दचकली. दम तुटला आणि चौघी तिच्यावर पडल्या. शिट्टी वाजली. चिखला-मातीतून उठून ती तरातरा रेषेपाशी आली, रागाने लाल झालेली.

"काका, काय केलंत? माजा पॉईंट गेला ना!" मग तिने त्याचा चेहरा बघितला आणि तिचा आवाज उतरला. "बाबा बरे हायत ना?"

"बरे हायत. मॅडमनी तुला बोलावलंय. चल."

"मना?" ती हसली. धापा टाकत, एक हात कमरेवर आणि दुसरा सहज छातीवर ठेवून ती उभी होती. "मना कशाला? मना काय झालंय?"