खोली पाठीनं बघणाऱ्या यमुनामावशी

यमुनामावशी कुणालाच खोली दाखवत नसत. कुलूप उघडायच्या, नव्या मुलीला आत ढकलायच्या आणि म्हणायच्या, "आडवी हो. धा मिन्टं. आन फोन माज्याकडं दे." गादी नसलेल्या खाटेवर दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं, मगच खोली हवी की नको ते सांगायचं. आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या मेट्रन. शीळफाट्याजवळच्या आगरी गावातल्या. अंगाने काटक, नाकात चमकी, आणि आवाज असा की त्यांनी तळमजल्यावरून हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरची मुलगी अंघोळ अर्धी टाकून यायची. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. ही पद्धत नव्या मेट्रनबाईंनी काही उचललेली नाही.

"खोली डोल्यांनी नाय गो बघायची, पाठीनं बघायची," असं त्या म्हणत. डोळ्यांना रंग दिसतो. शेजारच्या बाथरूमचा नळ टपकतो की नाही, हे पडल्याशिवाय कळत नाही, हा त्यांचा मुद्दा. रेक्टर मॅडम या प्रकाराला हसायच्या, पण खोली बदलून मागणारे अर्ज त्यांच्या टेबलावर फारसे येत नसत, हेही खरं.

मी महाडचं कॉलेज सोडून दुसऱ्या वर्षाला इथे आले. सोडायचं कारण घरी सांगितलं नव्हतं. तिथे माझ्या तीन मैत्रिणींनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला होता, एकाच खोलीत राहून. बाबांची अट एवढीच होती की कॅम्पसवर धड सोय झाली तर ठीक, नाहीतर डोंबिवलीला आत्याकडे. आत्या प्रेमळ, पण तिच्या घरात प्रत्येकाला माझे मार्क, माझं वजन आणि माझं लग्न या तिन्ही विषयांत सारखाच रस होता.

दोन जागा रिकाम्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर दोन मुलींच्या सोबत तिसरी खाट, आणि तिसऱ्या मजल्यावर टोकाची एकटीची खोली. एकटीचीच खोली घ्यायची, हे मी घरूनच ठरवून आले होते. प्रवेशाच्या दिवशी पालकांना वर सोडत, म्हणून बाबाही आले आणि त्या एकटीच्या खोलीत उभं राहून शंका काढू लागले. मावशी म्हणाल्या, "दादा, तुमी पन पडा." बाबा शाळेत मुख्याध्यापक. त्यांना असं कुणी सांगत नाही. पण त्यांनी मुकाट्याने बूट काढले, आडवे झाले आणि चक्क झोपले. अर्ध्या तासाने उठून म्हणाले, "वारा झकास आहे."

"दोगींची खोली पन बघ," मावशी मला म्हणाल्या.

"नको. हीच हवी."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि रजिस्टरमध्ये पेन्सिलीने नाव लिहिलं. पहिले आठ दिवस पेन्सिल, मग शाई, असा त्यांचा नियम होता.

वारा खरंच झकास होता. पण सहा दिवसांत माझं सगळं बोलणं मेसमधल्या "अजून एक पोळी" वरच भागलं. शुक्रवारी बाबांना फोन केला आणि रडले. म्हटलं, "रविवारी न्यायला या. आत्याकडे राहते." बाबांनी एकही प्रश्न विचारला नाही. "येतो," म्हणाले.

शनिवारी दुपारी हे मावशींना सांगायला गेले. मला वाटलं, आता उपदेश होणार. त्या डाळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "जायचं तर जा. पन एक खोली बघायची ऱ्हायली तुजी." आणि मला दुसऱ्या मजल्यावर नेऊन त्या तिसऱ्या खाटेवर पाडलं. दोघी वर्गात होत्या. खाटेवर त्यांच्या पुस्तकांचा ढीग होता, तो मावशींनी खाली ठेवला.

दहा मिनिटांत मला डोळा लागला. जाग आली ती कुजबुजीने. "हळू ना यार, झोपलीय ती." "कोण आहे पण?" "काय माहीत. मावशीने टाकली असणार." मग कुणीतरी खिडकी लोटली आणि तोंडावरचं ऊन गेलं. मी डोळे मिटूनच पडून राहिले. वर्षभरात माझ्यासाठी कुणी आवाज खाली केला नव्हता. मला रडू आलं, आणि मग लपवता येईना. त्या दोघी, कल्याणची स्नेहल आणि नाशिकची करुणा, घाबरून चिवड्याचा डबाच पुढे धरून बसल्या. संध्याकाळी आम्ही तिघींनी मिळून माझं सामान खाली आणलं. या गडबडीत बाबांना कळवायचं राहूनच गेलं.

रविवारी सकाळी बाबा हजर. आत्याकडे खोली आवरून झाली होती. मी जात नाही म्हटलं आणि मावशींनीही 'राहू द्या' म्हटल्यावर ते त्यांच्यावरच घसरले. "अहो, परवा माझी मुलगी फोनवर रडत होती! आणि आज तुम्ही म्हणता, राहू द्या?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "रडली ना, दादा. हितं रडायला जवल कोन नव्हतं म्हनून तुमाला फोन केलान. आता दोगी हायेत."

 बाबांनी खिशातून पेन काढलं आणि त्या दोघींची नावं विचारून लिहून घेतली.