लाभ, दोन, तीन

किराणा दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. रिकामी पोती आणि पोरांचे किस्से. पोती निदान कुणीतरी मागून नेतं. किश्श्यांना मात्र आपणच गिऱ्हाईक शोधायचं! म्हणून आज तुम्हाला बसवून घेतलंय. चहा सांगितलाय, आता मधेच उठायचं नाही.

माझं दुकान जोयड्याच्या बस स्टँडसमोर. दुकान पुढं, घर मागं, मधे फक्त एक पडदा. त्यामुळं माझी दोन पोरं, दहा वर्षांची कावेरी आणि सहा वर्षांचा गणू, पाळण्यात कमी आणि पोत्यांवर जास्त वाढली. चालायला शिकली ती गुळाच्या ढेपेला धरून. शोभा, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "लोकांची पोरं आईच्या वळणावर जातात, न्हाईतर बापाच्या. आमची दुकानाच्या वळणावर गेली!"

हे सगळं आत्ताच आठवायला कारण आहे. या जूनला कावेरीला बेळगावच्या एका इंग्रजी शाळेत पाचवीत घालायचं ठरलं. शोभाचा भाऊ विलास तिथंच असतो, राहायची सोय त्याच्याकडं. हट्ट कावेरीचाच. त्या शाळेत मायक्रोस्कोप आहे, असं मामानं एकदा बोलता बोलता सांगितलं, आणि बाईसाहेबांना मुंगीचे पाय मोठे करून बघायचे होते! प्रश्न एकच होता. शाळा तिला पाचवीत घेणार का? कारण विलासनं आधीच बजावलेलं, "दाजी, जंगलाकडचं पोर म्हटलं की ते एक वर्ष मागं बसवतात."

मी स्वतः सातवीनंतर शाळेची पायरी चढलो नाही. माझी वर्षं गेली ती गेली. पण पोरीचं एक वर्ष फुकट जाणार, हे काही घशाखाली उतरेना.

तर तिथपर्यंत येऊच. आधी गणूचं ऐका.

* * *

धान्य मापताना आमच्यात पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार... माझे वडील खानापूरच्या बाजारात असंच मापायचे, आजोबाही. शुभ बोलून सुरुवात करायची, एवढंच. गणू जन्मल्यापासून हेच ऐकत आला.

इथल्या मराठी शाळेत पहिलीत गेल्यावर टीचरनं त्याला मणी मोजायला दिले. पठ्ठ्या सुरू झाला, "लाभ, दोन, तीन..."

"अरे, एक कुठं गेला?"

"एक म्हणायचं न्हाई टीचर. धंदा बसतोय!"

टीचरनं मला बोलावून घेतलं. मी मान खाली घालून म्हणालो, घरी समजावतो. आणि समजावलंही. आता शाळेत शिकलेलं पोर घरी विसरतं, तसंच घरी समजावलेलं शाळेत विसरत असणार.

पुढं ध्वजवंदनाचा दिवस आला. मैदानात पोरांची रांग. वरचे कुणी साहेब पाहुणे म्हणून आलेले, मीही पालकांत उभा. सरांनी शिट्टी मारून ऑर्डर दिली, ओळीनं नंबर मोजा! रांगेतलं पहिलं पोर, गणू नव्हे बरं का, कुंभारवाड्याकडचा कुणीतरी दोस्त, छाती काढून ओरडला, "लाभ!"

दुसरा म्हणाला, "दोन!"

साहेबांनी सरांकडं बघितलं. सरांनी टीचरकडं. टीचरनं माझ्याकडं. आणि मी झेंड्याकडं!

* * *

गोव्याकडून कुळगीच्या जंगल कॅम्पला जाणाऱ्या गाड्या पाणी-बिस्किटं घ्यायला आमच्याकडं थांबतात. एकदा एक काका उतरले. टोपीपासून बुटापर्यंत सगळं झाडाझुडपांच्या रंगाचं. पोट तेवढं लपत नव्हतं. मी आत जेवायला बसलेलो, गल्ल्यावर कावेरी.

काकांनी लाडात विचारलं, "काय गं बाळ, इथं वाघ दिसतो का?"

कावेरी म्हणाली, "तुम्हाला दिसंल का न्हाई सांगता येत न्हाई काका. त्याला तुम्ही दिसता."

काकांनी मागं वळून झाडीकडं बघितलं. गाडीतल्या काकूंनी काच वर केली.

मग कावेरीनं हळूच विचारलं, "टॉर्च दाखवू?"

दोन टॉर्च गेले, आणि वर सेलचे जादा जोड! मी पडद्याआड हातात घास घेऊन ऐकत होतो. इतकी वर्षं या जंगलात धंदा करतोय, पण मला वाघ विकायचं कधी सुचलं नव्हतं.

* * *

हुबळीकडून डाळीचे एजंट येतात. पोत्याचं तोंड उघडून मूठभर डाळ हातावर घेतात आणि म्हणतात, "बघा शेठ, मोती हाय मोती!" मी बघतच नाही. लोखंडी नळी घेतो, पोत्याच्या मधोमध खुपसतो, आणि जी डाळ बाहेर येईल ती बघतो. पोरांना सांगून ठेवलंय, वरचा माल सगळ्यांचाच चांगला असतो. मधला बघायचा. पसंत पडला तर एजंटला म्हणायचं, "बरा हाय. ठेवून जावा."

शाळेचं बोलायला म्हणून विलास बेळगावहून आला. येताना कुंद्याचा डबा. झाकण उघडून कौतुकानं पोरांपुढं धरला, "बेळगावातला एक नंबर कुंदा हाय, घ्या!"

कावेरी चमचा आणायला आत वळली, तेवढ्यात गणूनं डब्याच्या बरोब्बर मधे बोट खुपसलं. पार तळापर्यंत. बाहेर काढून चाटलं आणि डोळे मिटून विचार करत बसला.

विलास ओरडला, "अरे बाबा, वरून घे की!"

"वरचं सगळ्यांचंच चांगलं असतंय मामा."

"मग? मधलं कसं हाय?"

गणू म्हणाला, "बरं हाय. ठेवून जावा."

* * *

कुंभारवाड्याचे सोमाआजा आमचं जुनं गिऱ्हाईक. बसनं यायचं, काम आटपून बसनंच जायचं. छत्री असो, कोयता असो, भाव ऐकला की ते जिन्नस खाली ठेवतात आणि म्हणतात, "बरं तर, जरा बाजार फिरून येतो."

आता जोयड्याचा बाजार तो केवढा! विडी पेटवली तर ती विझायच्या आत फिरून होतो. त्यामुळं गिऱ्हाईक असं म्हणालं की समजायचं, माल आवडलाय, भाव आवडला नाही.

अशा वेळी आमची एक रीत असते. पायऱ्या उतरू द्यायच्या, चार पावलं जाऊ द्यायची, आणि मग हाक मारायची, "अहो, या की माघारी!" पहिल्या हाकेला वळला, तर त्याला वस्तू हवीच आहे, भाव तोच ठेवायचा. नाही वळला, तर दुसऱ्या हाकेला थोडं उतरायचं. सोमाआजा पहिल्या हाकेला कधीच वळत नाहीत. मी म्हणायचो, म्हातारपण आलं बिचाऱ्याला, कानानं कमी झाले. आणि दुसरी हाक मारून भाव उतरवायचो.

त्या दिवशी आजा असेच निघाले. कावेरी आणि गणू बाहेरच्या पायरीवर चिंचोके खेळत होते. मी पहिली हाक मारली. आजा आपले चाललेत! तेवढ्यात गणू त्यांच्या मागं पळत गेला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आजा, तुझी तंबाखूची पिशवी पडली."

म्हातारा गर्रकन वळला!

पिशवी कुठली पडतेय, ती कमरेलाच होती. आजांनी गणूला जवळ ओढलं. "वरडू नगं रं लेकरा. ऐकू समदं येतंय. पर पयल्या हाकेला वळलो तर तुझा बा भाव सोडंल व्हय?"

हे मला गणूनं सांगितलं, तेही दोन चिक्क्या घेऊन. कावेरीनंही सगळं ऐकलेलं.

* * *

कावेरीचा शाळेचा इंटरव्ह्यू जवळ आला तसं घरात इंग्रजी सुरू झालं. माझं स्वतःचं इंग्रजी सगळं पाकिटांवरचं. बिस्किटं, चहा, साबण, कुठलंही पाकीट द्या, वाचून दाखवतो. कावेरीलाही मी तसंच शिकवलं, आणि त्याचा मला अभिमान होता.

शोभा मात्र म्हणाली, "अहो, मॅडम काय साबण विकत घ्यायला बसणार हाईत?"

मग गणू मॅडम झाला. शोभाचा चष्मा नाकावर, तेलाच्या डब्यावर बैठक. दुकानात आलेली गिऱ्हाइकं सामान घ्यायचं सोडून परीक्षा बघत उभी. विलास फोनवरून प्रश्न सांगत होता, गणू ते मॅडमच्या थाटात विचारत होता.

"व्हेअर डू यू लिव्ह?"

कावेरी ताठ उभी राहिली. एका दमात म्हणाली, "आय लिव्ह इन अ कूल अँड ड्राय प्लेस!"

फोनवर विलासला हसू आवरेना. मला आधी कळलंच नाही काय चुकलं, मला तर वाक्य ओळखीचं वाटलं! तेवढ्यात दारातलं एक गिऱ्हाईक, दर पावसाळ्यात छप्पर गळून बेजार होणारं, म्हणालं, "कूल ठीक हाय पोरी. पण जोयड्यात ड्राय कुठं बघितलंस?"

* * *

आणि मग तो दिवस. मी, विलास आणि कावेरी, तिघं बेळगावच्या शाळेत, मोठ्या मॅडमच्या खोलीत. फरशी अशी चकचकीत, की चपला बाहेर काढू का घालूनच आत जाऊ, यातच माझा निम्मा घाम गेला.

मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या. हसून विचारत होत्या. कावेरीनं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गावही सांगितलं, बिनपाकिटाचं! पण पुढं एक लांबलचक प्रश्न आला आणि पोरगी अडकली. दुसरा आला, तिथंही अडकली.

मॅडम विलासकडं वळून मराठीत म्हणाल्या, "मुलगी गोड आहे. पण चौथीत बसवूया. एक वर्षानं काय बिघडतं?"

विलासनं मान हलवली. मीही हलवणार, तेवढ्यात कावेरी म्हणाली, "मॅडम, हे वरचं झालं. मधलं विचारा की."

विलासला ठसका लागला. मॅडमनी चष्मा वर केला. "मधलं म्हणजे?"

"वर इंग्रजी हाय, ते कमी पडतंय. मधे काय हाय ते बघा."

मॅडमना मजा वाटली असावी. त्यांनी विज्ञानाचं पाचवीचं पुस्तक उघडलं आणि मराठीतच विचारलं, "सांग बघू, मुंग्या ओळीत का चालतात?"

झालं! माझ्या दुकानातला गूळ, गुळाखालच्या मुंग्या, सगळं बाहेर आलं. म्हणे, ओळीच्या मधे तिनं रॉकेलचं फडकं फिरवून बघितलं, तर मुंग्या तिथं येऊन भांबावल्या, जणू रस्त्यातला पूलच वाहून गेला. म्हणजे पुढची मुंगी वास टाकत जाते, मागची त्या वासावर येते. "पण तो वास त्या पायानं टाकतात का पोटानं, ते साध्या डोळ्यांनी कळत न्हाई. त्यासाठी तुमचा मायक्रोस्कोप पायजे."

मॅडम पुस्तक मिटून ऐकत राहिल्या. रॉकेलचं फडकं सापडेना म्हणून मी मागं घरभर ओरडलो होतो, ते कुठं गेलं होतं ते असं कळलं!

शेवटी मॅडमनी सुस्कारा सोडला. "हुशार आहे हो. पण आमचा नियम आहे. इंग्रजीसाठी चौथीच."

कावेरी उठली. दोन्ही हात जोडले.

"शाळा चांगली हाय मॅडम. जरा बाजार फिरून येतो."

आणि निघाली! मला तिच्या मागं जावंच लागलं. विलास तर रडकुंडीला आलेला. "दाजी, किती ओळखी काढून नंबर लावला होता मी! समजवा की पोरीला!" मी काय समजावणार? पायऱ्या उतरलो. मैदान लागलं. माझे पाय मागं ओढत होते आणि कावेरी सरळ फाटकाकडं बघत, एका चालीत, ना हळू ना भरभर.

फाटक जवळ आलं आणि मागून शिपायाचा आवाज आला.

"ओ जोयड्याचं पाव्हणं! थांबा की ओ! मॅडम बोलवायलेत!"

मी गर्रकन वळायला गेलो. कावेरीनं माझा हात घट्ट धरला.

"ही लाभ झाली, पप्पा. दोन होऊ दे."