बाबांची आगोट

आमच्याकडे मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात. सुकट, बोंबील, पापड, लोणचं, खडेमीठ. चार महिने वाडी जगापासून तुटली तरी चूल पेटली पाहिजे. बाबांच्या किडन्या गेल्या त्या वर्षी कळलं, की आईने जन्मभर हौसेने भरलेल्या त्या डब्यांतलं जवळजवळ सगळंच बाबांना विषासारखं आहे.

वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. डायलिसिस महाडला, मंगळवार, गुरुवार, शनिवार. सेंटरमधला टेक्निशियन मे महिन्यातच म्हणाला, "तुमचा रस्ता दर पावसात बंद पडतो. यांची आगोट वेगळी भरा." त्याने यादीही दिली. गोळ्या, रक्तातलं पोटॅशियम उतरवणारी पावडर, फाइलच्या झेरॉक्स, तांदूळ, साखर, आणि पाणी मोजून प्यायला एक छोटा पेला.

मी भडकले. बाबा कारखान्यात युनियनचं काम करायचे, मी मुळाक्षरं त्यांच्या पत्रकांवर गिरवली होती. रस्त्यासाठी डोंगर वाटेल तसा कापायचा, पाणी जायला गटार काढायचं नाही, आणि रस्ता खचला की तहान मारायची आमच्या बापाने? पोलादपूरला डायलिसिसची सोय झालीच पाहिजे, असं पत्रक मी लिहिलं आणि एसटी स्टँडवर उभी राहून वाटलं. बाबांनी ते दोनदा वाचलं.

"चांगलं हाय. शेवट लांबलाय," ते म्हणाले. "आता डबा भर."

डबा मीच भरला. वर अक्कल चालवून यादीत नसलेली एक वस्तू घातली, कमी सोडियमचं मीठ. पुडीवर हृदयाचं चित्र होतं. बाबांना अळणी जेवण गिळवत नाही, निदान अडीनडीला दोन घास चवीने खातील, एवढंच माझ्या मनात होतं.

जुलैतल्या एका शुक्रवारी पहाटे वाडीखालच्या वळणावर दरड आली. रस्ता गेला, वीज गेली. बाबांचं डायलिसिस आदल्याच दिवशी झालं होतं, म्हणून कोणी घाबरलं नाही. आईने डबा उघडला. भाजी चिरून उकळली, यादीत लिहिल्याप्रमाणे पाणी फेकून दिलं, आणि वरून माझं मीठ घातलं. बाबा खूश. "आज माणसाचं जेवण मिळालं गो," म्हणाले.

शनिवारी दुपारी फोनला जरा रेंज आली आणि लगेच तो वाजला. बाबांच्या शेजारच्या बेडवर डायलिसिस घेणाऱ्या मावशी. महाडच्याच, मुलगा दुबईला. महाडात पुराचं पाणी भरलं होतं, पण सेंटर वरच्या मजल्यावर असल्यामुळे चालू होतं.

"तुझ्या बापाचा बेड रिकामा बघून माझा जीव खालीवर झाला. खायला काय घालताय त्याला?"

मी अभिमानाने सगळं सांगितलं. मिठाचंही.

मावशी ओरडल्या, "अगो, ते मीठ फेक! सोडियम काढून त्यात पोटॅशियम घालतात. आपल्याला तेच मारतं. पत्रकं लिहितेस ना तू? पुडीमागचं वाचलं नाय?"

वाचलं नव्हतं. पुडी उलटी केली. बारीक अक्षरांत तेच लिहिलं होतं. तोवर त्या मिठाची तीन जेवणं बाबांच्या पोटात गेली होती. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं, आणि रस्ता कधी उघडेल ते कुणालाच माहीत नव्हतं.

मावशींनी तिथल्या तिथे फोन टेक्निशियनच्या हातात दिला. त्याने डॉक्टरांना विचारून सांगितलं: पावडर एवढी, इतक्या वेळा, फळ, डाळ, बटाटा बंद, पायातली ताकद गेली किंवा छातीत धडधडलं तर रस्त्याची वाट बघू नका, कसंही करून खाली आणा. रस्ता मोकळा करणाऱ्यांनाही त्याने स्वतः कळवलं, की वर डायलिसिसचा माणूस अडकलाय.

त्यानंतर दोन दिवस मी बाबांना तासातासाला उभं केलं.

"छातीत धडधडतंय?"

"धडधडतंय."

"कधीपासून?"

"तू जन्मलीस तेव्हापासून. बस जरा खाली."

आई हसली. मला हसता येईना. बाबांचे पाय सुजत चालले होते आणि रविवारी रात्री झोपताना धाप लागू नये म्हणून त्यांना दोनऐवजी तीन उशा लागल्या.

सोमवारी सकाळी जेसीबीने चिखलातून माणूस जाईल एवढी वाट केली. वाडीतल्या चौघांनी बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. "नवरदेव जड हाय," कुणीतरी म्हणालं. पलीकडे जीप उभी होती.

सोमवार हा बाबांचा वार नाही. जागा मिळेल का, याच धाकात मी वाटभर होते. पण सेंटरला पोचलो तर बेड तयार. मावशींनी कालच फोनाफोनी करून ठेवली होती. बिरवाडीला खोली घेऊन राहणाऱ्या, केस पिकलेल्या एका कामगाराने आपली डायलिसिसची सकाळची पाळी संध्याकाळवर ढकलली होती. आधी बाबांचा ईसीजी काढला, रक्त घेतलं, वजन केलं. अंगात साचलेल्या पाण्याने अडीच किलो वाढलं होतं.

"चार दिवसांत अडीचच?" टेक्निशियन म्हणाला. "इथले काही जण दोन दिवसांत साडेतीन घेऊन येतात."

मशीन सुरू झालं. तासाभराने रिपोर्ट आला. पोटॅशियम वाढलेलं होतं, पण हृदयाला धक्का नव्हता. डॉक्टर म्हणाले, पावडर वेळेवर दिली हे बरं झालं. मी भिंतीला टेकून खालीच बसले.

तो बिरवाडीचा माणूस बाहेर बाकावर बसला होता. स्वतःचं डायलिसिस पुढे ढकलून बाबा पोचले की नाही ते बघायला आलेला. मी आभार मानायला गेले.

"आभार कसले, ताई," तो म्हणाला. "माझ्या खोलीत पाणी शिरलं की तुमच्या बाबांचा वार मी मागणार हाय. सांगून ठेवा त्यांना."

सांगायला आत गेले. बाबा तोंड उघडं टाकून घोरत होते, आणि समोरच्या बेडवरचा म्हातारा सिस्टरकडे तक्रार करत होता, की या आवाजात माणसाने झोपायचं कसं.