सुभद्राबाईंची बदलीवाली गोळी

सुभद्राबाईंना एखादा प्रश्न पडला की तो विचारल्याशिवाय घास उतरत नसे. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या तेव्हा साहेबांना भंडावून सोडायच्या. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, बाई दादरला गजरे विकायला बसल्या आणि गिऱ्हाइकं तावडीत सापडली. पुढे मात्र सकाळी बोटं सुजून ताठ होऊ लागली. कळ्या हातात, दोरा हातात, आणि गाठ काही बसेना. गजरे थांबले तर चूलही थांबणार होती.

परळच्या डॉक्टर सुनेत्रांनी संधिवात सांगून स्टेरॉइडची गोळी दिली. लगेच प्रश्न आला, "गोळी जाते पोटात. तिला बोटांचा पत्ता कोण देतो?"

"रक्तातून ती सगळीकडेच फिरते," डॉक्टर हसल्या. "पेशींच्या आत शिरून त्यांच्याकडून काही प्रथिनं बनवून घेते. सांध्यातला दाह आवरायला ती प्रथिनं मदत करतात. म्हणून गुण यायला जरा वेळ लागतो."

"म्हणजे काम करणारे आपल्याच अंगातले," बाई खूश झाल्या.

काही महिन्यांत बोटं छान वळू लागली. मग बाईंनी गिरणीचा कायदा लावला. कायमची बाई कामावर आली की बदलीवालीला फाटकावरूनच परत धाडायचं. बोटं कामावर आली, गोळी बंद. जन्मभर नको तिथे प्रश्न विचारले आणि नेमकं इथेच विचारायचं राहिलं. दोन-चार दिवसांत टोपलीपाशीच डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या चंपाने त्यांना टॅक्सीत घालून डॉक्टरांकडे नेलं.

"गोळी बदलीवाली खरी," सगळं ऐकून, उपचार करून डॉक्टर म्हणाल्या, "पण बोटांच्या जागी नव्हे. शरीर असलंच औषध स्वतः बनवतं, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत. गोळी रोज येत राहिली म्हणून त्या ग्रंथी घरी बसल्या. तुम्ही गोळीला एकदम काढलंत, मशीनवर कुणीच उरलं नाही."

सुभद्राबाईंचं तोंड उतरलं. "मग त्या आता कायमच्या घरी?"

"नाही. गोळी थोडी थोडी कमी करत नेली की हळूहळू कामावर येतात."

"इतके दिवस बसून पण?"

"बहुतेक येतात."

बाई पुन्हा सुजलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"आमाला कोणी परत बोलावलंच नाय ओ," त्या म्हणाल्या. "यांना बोलवा. सावकाश बोलवा, मी थांबते."