गाडीवाट

मी सेकंडहँड फोर बाय फोर घेतली तेव्हा शाळेतल्या बाकीच्या बाईंनी मला वेड्यात काढलं. भोरमध्ये शिक्षिकेनं घ्यायची गाडी म्हणजे स्कूटी, फार तर छोटी कार, आणि तीही नवऱ्यानं चालवायची. मला नवरा नाही, त्यामुळं तो प्रश्न आधीच मिटला होता. गाडी पुण्यातल्या एका हौशी माणसाची. त्यानं बोनेटवर डरकाळी फोडणारा वाघ रंगवून घेतला होता, टपावर दिव्यांची माळ लावली होती, आणि खालची स्प्रिंगं मात्र पार बसलेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण इंजिन चांगलं होतं, चारही चाकं ओढत होती. मला तेवढंच हवं होतं.

गाडी आत्यासाठी होती. वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या बाजूच्या एका सोंडेवर आमचा धनगरवाडा आहे, चारपाच घरांचा. आई मी लहान असतानाच गेली आणि मला आत्यानं वाढवलं. ती अजून तिथंच राहते, गाई आणि शेळ्या राखून. तिला दमा आहे. गेल्या आषाढात तिला श्वास घेता येईना, तेव्हा वाड्यावरच्या माणसांनी बांबूला घोंगडी बांधली, तिला आत घातलं आणि चिखलातून खाली आणलं. मी खाली डांबरी रस्त्यावर भाड्याची जीप थांबवून उभी होते. घोंगडीतून तिच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. मग एका वळणावर ती थांबली, आणि पुन्हा ऐकू येईपर्यंत मी चिखलातून वर धावत सुटले होते. त्या भीतीतून मला परत जायचं नव्हतं. आत्याला भोरला ये म्हटलं की ती म्हणते, जनावरांनाबी घे मग बरूबर. तेव्हा मीच वर पोचेन असं काहीतरी करणं भाग होतं.

भोरच्या एका गॅरेजमध्ये गाडीचा बेत सुरू झाला. गॅरेजवाल्याचं मत होतं की आधी पुढचा जाडजूड बंपर घालावा, मग रुतलेली गाडी ओढून काढणारी विंच, मग बाकीचं. "मॅडम, गाडी लांबनं बघितली की मानसानं बाजूला व्हायला पायजे." मी म्हटलं, वर शेळ्या आहेत, त्या कुणालाच बाजूला होत नाहीत. मी रात्र रात्र मोबाईलवर व्हिडिओ बघून आपला क्रम ठरवला होता. पहिल्यांदा चिखलाचे टायर. मग स्प्रिंगं बदलून गाडी थोडी उंच करायची, म्हणजे मागच्या आसाचा गोळा दगडाला लागणार नाही. मग इंजिनाला दगड लागू नये म्हणून खालून पत्रा. ओढ्यासाठी इंजिनाला हवा वरून देणारा पाइप, ज्याला गॅरेजवाला सोंड म्हणायचा, तो सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. त्यानं तोंड वाकडं केलं, पण टायरना पैसे पुरेनात म्हणून आधी स्प्रिंगं मागवली.

स्प्रिंगं बसल्यावर, जुन्याच टायरवर, उन्हाळ्यात मी पहिल्यांदा वर गेले. जमीन वाळलेली होती. लो गिअर टाकला, दात आवळले, आणि दोनदा मागं घसरून का होईना, आत्याच्या घरापुढच्या पडीक रानापर्यंत, पडीपर्यंत, पोचले. मी एवढी खूश होते की हॉर्न वाजवला. शेळ्या उधळल्या. आत्या दारातून आली. तिनं गाडीकडं पाहिलंच नाही. ती गाडीमागं गेली आणि वाकून गवतात उठलेले चाकांचे दोन पट्टे बघत राहिली.

"ह्ये हितवर आलं कसं?"

"चालवत आणलं. तुझ्यासाठी, आत्या. आता घोंगडीत बसायचं काम नाही."

"तुजं आलं. मग दुसऱ्याचंबी येईल." ती सरळ उभी राहिली. "बाये, ही पायवाट हाय. तिची गाडीवाट करू नगंस."

मला हसू आलं आणि रागही. आमच्याकडं या दोन शब्दांत जमीनअस्मानाचं अंतर आहे हे मला ठाऊक होतं, पण ते म्हाताऱ्यांचं बोलणं म्हणून सोडून दिलेलं. पायवाट म्हणजे माणसांची नि जनावरांची. रान ज्याचं त्याचं राहतं. पण एकदा गाडीची वहिवाट पडली आणि सरकारदरबारी तशी मानली गेली, की ती अडवता येत नाही, आणि मग ती कुणालाही मोकळी होते. आमच्या वाड्याच्या वर एक पठार आहे. मूळ मालकांची पोरं शहरात गेली आणि त्यांनी ते एका प्लॉटिंगवाल्याला विकलं. वरून तोरणा दिसतो, खाली धरणाचं पाणी दिसतं, फार्महाऊसला आणखी काय लागतं? फक्त रस्ता नव्हता. रस्ता निघाला तर तो आमच्या चारपाच घरांच्या रानातूनच निघणार होता.

"पल्याडच्या वाडीनं दिली व्हती वाट," आत्या म्हणाली. "एका टेम्पूला. आता त्यांच्या पान्यावर गेट हाय. गुरं पान्यावर न्यायची तर वाचमनला इचारायचं."

मी तिला दम्याचा पंप कसा ओढायचा ते परत दाखवलं, औषधं मोजून ठेवली आणि संध्याकाळच्या आत खाली आले. उतरताना ती वाट मला फार सोपी वाटली.

तो प्लॉटिंगवाला मला वेल्ह्याच्या बाजारात भेटला, वळवाच्या पावसानंतर. पांढरा शर्ट, गोड बोलणं, सगळे त्याला दादा म्हणायचे. त्यानं आत्याची तब्येत विचारली. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.

"ताई, जुन्या टायरवर पावसाळ्यात नाही जमणार हो," तो म्हणाला. "मोठे घाला, रुंद. माझ्याकडं पडून आहेत चार. नवेच आहेत."

मी नको म्हटलं. फुकट ते पौष्टिक हे आपल्याकडं खरं असलं तरी मला त्याचं काही नको होतं. पुढच्या शनिवारी, खालचा पत्रा बसवायला दिलेली गाडी गॅरेजमधून आणायला गेले तर चारही टायर बसवलेले. गॅरेजवाला म्हणाला, "दादांनी पाठवलं, तुमचा निरोप हाय म्हनले." मी त्याच्यावर एवढी ओरडले की समोरचा भजीवाला कढई सोडून बघायला आला. काढ म्हटलं, तर माझे जुने टायर त्यानं त्याच दिवशी भंगारात दिलेले. मृग तोंडावर होता. आत्याची छाती पहिल्या गारठ्यातच भरते. मी बसले आणि गाडी चालवत नेली. त्याला किंमत पाठवली ती त्यानं हसत परत पाठवली.

टायर उत्तम होते, हेच वाईट. चिखलात गाडी घोरपडीसारखी धरून चढायची. मी दर रविवारी वर जाऊ लागले; औषधं, पेंड, आत्याला चहात बुडवून खायला आवडतात म्हणून बटर. आत्या पेंड उतरवून घ्यायची, पण गाडीत कधी बसली नाही. पडीतले दोन पट्टे रुंद झाले. आधी गवत चेंगरायचं आणि परत उठायचं, मग उठेनासं झालं. एका रविवारी माझ्या चाकोरीत दुसऱ्या कुणाची तरी खूण दिसली, तसल्याच टायरची. झऱ्याजवळच्या खडकांवर, मोजणीवाले मारतात तसे, चुन्याचे ठिपके होते. वाड्यावर विचारलं तर सगळे म्हणाले, आम्ही कुणाला पाहिलं नाही. शेजारच्या घरातली काकी एवढंच म्हणाली, "कुत्री भुंकत व्हती. आमाला वाटलं तूच आलीस."

त्या दिवसापासून मला वर जाताना आरशात बघायची सवय लागली. मागं कुणी नसायचं. तरी उतरताना प्रत्येक वळणावर परत बघायचेच. जायचं थांबवावं तर आत्याची छाती. जात राहावं तर तिचं रान. कुणाशी बोलणार? शाळेत सांगितलं असतं तर म्हणाले असते, रस्ता होतोय तर चांगलंच आहे की. आणि खरं सांगायचं तर रस्ता मलाही हवाच होता. दादानं फोनवर तेच हेरून म्हटलं, "ताई, आत्यांच्या दारापर्यंत डांबर घालून देतो. तुम्ही फक्त जे रोज घडतं ते सांगायचं. गाडी जाते, एवढंच." मी फोन ठेवला. पण तो जे बोलला ते खोटं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

श्रावण उतरताना काकीचा फोन आला. दादानं वहिवाटीचा अर्ज केला होता आणि तहसीलचे साहेब जागा बघायला येणार होते. "तू ये गं. आमाला सायबांम्होरं बोलता येत न्हाई. आत्याची छातीबी भरलीय कालपासनं."

मी रजा टाकली. काय बोलायचं ते तोंडपाठ केलं. वाफेचं मशीन आणि औषधं मागच्या सीटवर ठेवली, लो गिअर टाकला आणि वर निघाले. भुरभुर पाऊस होता, वाट निसरडी झालेली. पण गाडी कुठंही अडली नाही, आणि शेवटच्या चढावर मला स्वतःचं कौतुक वाटलं हे मी नाकारत नाही.

पडीत सगळे जमले होते. साहेबांच्या पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांची गाडी खालीच रुतली होती म्हणून ते चालत आले होते. दादाही चालत आलेला, चपला हातात. वाड्यावरची माणसं एका बाजूला, आत्या दगडावर बसलेली, तोंड उघडं ठेवून श्वास घेत. मी घाईत उतरले, चावी आतच राहिली. आत्याजवळ गेले, पंप दिला, आणि वळून स्वच्छ आवाजात म्हटलं, "साहेब, ही पायवाट आहे. पूर्वीपासून पायवाटच आहे. इथं गाडी येत नाही."

साहेब चांगले गृहस्थ असावेत, कारण ते हसले नाहीत. ते फक्त माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिले. मग मला कळलं. पायवाट आहे हे सांगायला मी गाडीनं आले होते.

"ती साधी गाडी नाही," मी म्हटलं. "स्प्रिंगं उंच केलीत, टायर वेगळे आहेत, लो गिअरमध्ये..."

"म्हणजे येते," दादा हळू आवाजात म्हणाला. साहेबांनी सोबतच्या कारकुनाला ते लिहून घ्यायला सांगितलं.

आत्या उठली. मला वाटलं ती भांडेल. ती भांडली नाही. "म्या खाली जाते दवाखान्यात," ती साहेबांना म्हणाली. "ह्या वाटंनं माणूस कसं जातं त्ये बगा." आणि ती चालू लागली. मी धावले, म्हटलं, आत्या, बस गं गाडीत, पाया पडते. तिनं ऐकलं नाही. मी तिच्या काखेत हात घातला. दर चार पावलांनी ती थांबायची, छाती वाजायची, आणि परत पाऊल टाकायची. वरून सगळे बघत होते. मला रडू येत होतं, तरी एवढ्यावरूनही साहेबांचं मत फिरेल अशी आशा होती.

पहिल्या वळणाशी पोचलो तेव्हा मागं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. माझ्याच गाडीचा, मी तो झोपेतही ओळखीन. दादा स्टीअरिंगवर होता आणि साहेब त्याच्या शेजारी बसलेले. त्यानं काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "ताई, चावी राहिली होती. आत्यांना मागं बसवा ना, जागा आहे."

आत्यानं मान हलवली. वाट अरुंद होती. गाडी आमच्या पाठीशी थांबून गुरगुरत राहिली, त्यानं हॉर्नसुद्धा दिला नाही. आत्या थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिला खोकल्याची उबळ आली, तिनं माझा हात धरला, आणि कारवीच्या झुडपात एक पाऊल बाजूला सरकून तिनं गाडीला वाट दिली.